पडद्यावरचा होम्स आणि खंदकातला हेर

मराठीत ‘गुप्तहेर’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न माणसांसाठी वापरला जातो. खुनाचा माग काढणारा चतुर शोधकही गुप्तहेर आणि शत्रूच्या गोटात शिरून बातमी आणणारा सैनिकही गुप्तहेर. वास्तविक या दोघांची कामे परस्परांहून फार वेगळी. पहिला सत्य उघड करण्यासाठी झटतो, तर दुसऱ्याला ते लपवण्यासाठी धडपडावे लागते. पहिल्याला न्यायालयाचा आधार असतो. दुसरा पकडला गेला तर त्याला कोणाचाच आधार नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी चित्रपटसृष्टीने ही सीमारेषा पुसून टाकली. सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या लेखणीतून उतरलेला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घोडागाड्यांच्या लंडनमध्ये वावरणारा शेरलॉक होम्स १९४२ साली अचानक नाझी हेरांच्या मागे धावू लागला. हा होम्स पडद्यावर उभा करणारे नट होते बेसिल रॅथबोन. जगाने त्यांना होम्स म्हणून ओळखले आणि आजही ओळखते. मात्र पडद्यावर हेरांना पकडणाऱ्या या नटाने त्याआधी चोवीस वर्षांपूर्वी खऱ्या युद्धात खरी हेरगिरी केली होती, हे त्यांच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

फिलिप सेंट जॉन बेसिल रॅथबोन यांचा जन्म १३ जून १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे झाला. सोन्याच्या खाणींमुळे नुकतेच वसलेले हे शहर तेव्हा बोअर लोकांच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकात होते. वडील एडगर रॅथबोन हे खाण अभियंते, तर आई व्हायोलिनवादक. १८९५ च्या अखेरीस लिएंडर जेमिसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने काही शे सशस्त्र स्वारांसह ट्रान्सवालवर चढाई केली. जोहान्सबर्गमधील ब्रिटिश रहिवासी उठाव करतील आणि बोअरांचे सरकार कोसळेल, असा त्यामागचा अंदाज होता. तो साफ चुकला. चढाई फसली आणि शहरातील प्रत्येक ब्रिटिश माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. एडगर रॅथबोन यांच्यावर ब्रिटिशांचे हेर असल्याचा आरोप आला. पत्नी आणि लहान मुलांना घेऊन त्यांना इंग्लंडची वाट धरावी लागली. त्या वेळी बेसिल चार वर्षांचेही नव्हते. हेर हा शब्द त्यांच्या आयुष्यात असा, घरदार सोडायला लावणारा आरोप म्हणून आला.

इंग्लंडमध्ये रेप्टन येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. अभ्यासापेक्षा मैदानावर ते अधिक चमकले. मुलाने व्यवसायात पडावे ही वडिलांची इच्छा असल्याने शाळा संपताच त्यांनी एका विमा कंपनीत कारकुनी पत्करली. ती जेमतेम वर्षभर टिकली. नात्यातील फ्रँक बेन्सन यांची शेक्सपिअरची नाटके गावोगावी घेऊन हिंडणारी मंडळी होती. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांसारखीच ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरे. एप्रिल १९११ मध्ये इप्सविच येथे रॅथबोन प्रथम रंगभूमीवर उभे राहिले. पुढच्याच वर्षी ते मंडळीबरोबर अमेरिकेचा दौरा करून आले. १९१४ च्या उन्हाळ्यात त्यांना लंडनच्या रंगमंचावर पाऊल ठेवता आले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच युरोपात युद्धाचा वणवा पेटला.

१९१६ साली ते ‘लंडन स्कॉटिश’ या पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. या पलटणीचा इतिहास चित्रपटरसिकांना नवल वाटावे असा आहे. क्लॉड रेन्स, रोनाल्ड कोलमन आणि हर्बर्ट मार्शल हे पुढे हॉलिवूड गाजवणारे तिन्ही नट याच पलटणीतून लढले. विषारी वायूने रेन्स यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. मार्शल यांना एक पाय गमवावा लागला. रॅथबोन यांना पुढे अधिकारपद मिळाले आणि ‘लिव्हरपूल स्कॉटिश’ या पलटणीत लेफ्टनंट म्हणून त्यांची रवानगी फ्रान्सच्या आघाडीवर झाली. त्यांच्याकडे काम आले ते टेहळणीचे. दोन्ही बाजूंच्या खंदकांमध्ये पसरलेल्या, तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या आणि काटेरी तारांनी वेढलेल्या ओसाड पट्ट्यात शिरायचे, शत्रूची तार कोठे तुटली आहे, मशीनगन कोठे लपवली आहे, समोर कोणती पलटण उभी आहे हे पाहायचे आणि जिवंत परत यायचे, असे ते काम होते.

४ जून १९१८ रोजी त्यांचा धाकटा भाऊ जॉन युद्धात मारला गेला. या दुःखाने बेसिल कोसळले नाहीत; ते अधिक बेफिकीर झाले. टेहळणीची पथके तोवर रात्रीच्या अंधारात बाहेर पडत. अंधारात फारसे काही दिसत नाही, तेव्हा दिवसाउजेडी जाऊ द्यावे, असा आग्रह त्यांनी वरिष्ठांकडे धरला. शत्रूच्या डोळ्यांदेखत जाणे म्हणजे उघड आत्मघात, असे कोणालाही वाटले असते. रॅथबोन आणि त्यांच्या पथकातील सैनिकांनी अंगावर पानाफांद्या बांधल्या, चेहऱ्याला आणि हातांना जळलेल्या बुचाची काजळी फासली आणि झाडाझुडपांत मिसळून जात ते तासन्‌तास पोटावर सरपटत राहिले. बुचाची काजळी ही रंगपटातली जुनी वस्तू. नाटकातला नट ज्या काजळीने चेहरा रंगवतो, तिनेच या नटाने मृत्यूच्या तोंडावर आपला चेहरा लपवला. जुलैच्या अखेरीस अशाच एका दिवसाच्या मोहिमेत ते शत्रूच्या तारांपर्यंत पोहोचले. मशीनगनचा मारा चुकवत त्यांनी मौल्यवान माहिती मागे आणली. या कामगिरीबद्दल त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी युद्ध थांबले.

युद्धानंतर रॅथबोन पुन्हा रंगभूमीकडे वळले. १९१९ साली शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डमध्ये त्यांनी रोमिओसह अनेक भूमिका केल्या. पुढे लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत त्यांचे नाव झाले. पहिला विवाह युद्धाच्या ताणात विस्कटला होता. १९२६ मध्ये त्यांनी पटकथालेखिका उइडा बर्जेर यांच्याशी विवाह केला आणि हा संसार अखेरपर्यंत टिकला. चित्रपट बोलू लागले तेव्हा रॅथबोन यांच्यासारख्या कमावलेल्या आवाजाच्या नटाची हॉलिवूडला गरज भासली. १९३० साली त्यांनी ‘द बिशप मर्डर केस’ या चित्रपटात फिलो व्हॅन्स या गुप्तहेराची भूमिका केली. होम्सच्या आधी नऊ वर्षे त्यांनी केलेला शोधकाचा हा पहिला वेश.

परंतु हॉलिवूडने त्यांच्यासाठी जागा ठरवली ती खलनायकाची. उंच सडपातळ देह, धारदार नाक, थंड नजर आणि प्रत्येक शब्द कोरून काढणारा आवाज, हे सारे दुष्टपणासाठी सोयीचे होते. १९३५ या एका वर्षात ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मधला निष्ठुर सावत्र बाप, ‘ॲना कॅरेनिना’मधला शुष्क पती आणि ‘कॅप्टन ब्लड’मधला फ्रेंच समुद्री चाचा त्यांनी रंगवला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ (१९३६) मधील टिबल्ट आणि ‘इफ आय वेअर किंग’ (१९३८) मधील राजा अकरावा लुई या भूमिकांसाठी त्यांना ऑस्करची नामांकने लाभली. तलवारबाजीत त्या काळच्या हॉलिवूडमध्ये त्यांच्या तोडीचे नट फार थोडे होते. तरीही ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये एरॉल फ्लिनकडून आणि ‘द मार्क ऑफ झोरो’मध्ये टायरोन पॉवरकडून त्यांना हरावेच लागले. नायकाहून सरस तलवार चालवणाऱ्याने प्रत्येक वेळी ठरल्या क्षणी मरून पडायचे, हा त्यांच्या वाट्याला आलेला विरोधाभास.

याच काळातील ‘द डॉन पेट्रोल’ (१९३८) हा चित्रपट त्यांच्या आयुष्याच्या सर्वांत जवळचा म्हणावा लागेल. पहिल्या महायुद्धातील एका हवाई तुकडीची ही कथा. कोवळ्या वैमानिकांना रोज मृत्यूच्या तोंडी धाडण्याचे हुकूम देणारा आणि त्या ओझ्याखाली आतून मोडत जाणारा मेजर रॅथबोन यांनी साकारला. एरॉल फ्लिन आणि डेव्हिड निव्हन त्यात त्यांच्यासोबत होते. भाऊ गमावलेल्या, टेहळणीला माणसे घेऊन गेलेल्या माजी अधिकाऱ्याला ही भूमिका वेगळी शिकावी लागली नसेल.

१९३९ साली ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ने ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ पडद्यावर आणला आणि रॅथबोन यांच्या वाट्याला होम्स आला. डॉक्टर वॉटसनच्या भूमिकेत नायजेल ब्रूस होते. तेही पहिल्या महायुद्धात पायाला गोळ्या लागून जायबंदी झालेले. होम्सवरचे तोपर्यंतचे बहुतेक बोलपट चालू काळातच घडत असत. फॉक्सने मात्र कथेला तिचा मूळ काळ परत दिला. धुक्यात हरवलेले दलदलीचे माळरान, गॅसचे दिवे, घोडागाड्यांच्या टापा हे सारे पडद्यावर अवतरले. प्रेक्षकांना तो होम्स फार भावला. त्याच वर्षी दुसरा चित्रपट निघाला, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’. त्याच्या प्रदर्शनाची तारीख होती १ सप्टेंबर १९३९. त्याच पहाटे जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले होते. गॅसच्या दिव्यांचे लंडन पडद्यावर उजळले आणि खऱ्या लंडनमध्ये काळोख करण्याचे हुकूम सुटले.

फॉक्सने पुढे होम्सपट काढले नाहीत. होम्स जिवंत राहिला तो रेडिओवर. ऑक्टोबर १९३९ पासून रॅथबोन आणि ब्रूस यांची श्रुतिकामाला अमेरिकाभर ऐकली जाऊ लागली. पुढील सात वर्षांत तिचे दोनशेहून अधिक भाग झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली. जून १९४२ मध्ये तेथील सरकारने युद्धविषयक माहिती कचेरी स्थापन केली. तिच्या चित्रपट विभागाचा निर्मात्यांकडे एक साधा प्रश्न असे. हा चित्रपट युद्ध जिंकण्यास मदत करील काय? नेमक्या याच वर्षी ‘युनिव्हर्सल’ या चित्रसंस्थेने कॉनन डॉयल यांच्या वारसांकडून होम्सचे हक्क मिळवले आणि रॅथबोन-ब्रूस जोडीला करारबद्ध केले. संस्थेला हवे होते जेमतेम सत्तर मिनिटांचे, माफक खर्चाचे चित्रपट. होम्सला चालू काळात आणल्याने जुन्या काळाचे कपडे आणि नेपथ्य यांचा खर्च वाचणार होता आणि युद्धकार्यालाही हातभार लागणार होता. होम्स हा काळाच्या पलीकडचा, अजिंक्य पुरुष आहे, असे श्रेयनामावलीतच सांगून या कालांतराची सोय लावण्यात आली.

पहिला चित्रपट ‘शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर’ सप्टेंबर १९४२ मध्ये आला. नाझींचा एक निवेदक रेडिओवरून ब्रिटनमधील घातपातांची घोषणा करतो आणि त्या क्षणीच ते घडतात. ब्रिटिश श्रोत्यांना बर्लिनहून धमकावणाऱ्या विल्यम जॉइस या खऱ्या निवेदकाची सावली या पात्रावर स्पष्ट होती. होम्स घरातून निघताना आपल्या प्रसिद्ध जुन्या टोपीकडे हात नेतो आणि वॉटसन त्याला अडवतो, असा एक हलकाफुलका प्रसंग त्यात आहे. ती टोपी खुंटीवरच राहते आणि नव्या धाटणीची हॅट घालून होम्स महायुद्धात उतरतो. अखेरीस शत्रूचा हस्तक ब्रिटिश सुरक्षा मंडळातच दडलेला निघतो.

दुसऱ्या चित्रपटाचे नाव ‘शेरलॉक होम्स अँड द सीक्रेट वेपन’. त्यात तटस्थ स्वित्झर्लंडमधून एका शास्त्रज्ञाला आणि त्याने शोधलेल्या बॉम्बफेकीच्या अचूक नेमयंत्राला होम्स नाझींच्या हातून सोडवून आणतो. डॉयल यांच्या ‘नाचणाऱ्या माणसां’च्या कथेतील चित्रलिपी येथे लष्करी गुपित दडवण्यासाठी वापरली आहे आणि होम्सचा जुना वैरी मोरियार्टी नाझींचा दलाल बनला आहे. तिसरा, ‘शेरलॉक होम्स इन वॉशिंग्टन’, याला डॉयल यांच्या कथेचा कोणताच आधार नव्हता. काड्यांच्या पाकिटात लपवलेली सूक्ष्मफीत हातोहात फिरत राहते आणि तिच्या शोधात होम्स अटलांटिक ओलांडून मित्रराष्ट्राच्या राजधानीत पोहोचतो. तिन्ही चित्रपटांच्या शेवटी होम्स क्षणभर कथेबाहेर येतो आणि प्रेक्षकांना धीर देणारे चार शब्द बोलतो.

होम्सच्या निष्ठावंत वाचकांना हा प्रकार भ्रष्टाकार वाटला. त्यांची तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हती. रहस्यकथेचा प्राण असतो तो गुन्हेगार कोण या प्रश्नात. हेरकथेत शत्रू कोण हे पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. तो कोठे लपला आहे आणि केव्हा वार करणार, एवढेच उरते. राखेच्या कणावरून, बुटावरच्या चिखलावरून माणूस ओळखणाऱ्या होम्सच्या बुद्धीला या नव्या चित्रपटांत काम कमी आणि धावपळ जास्त होती. वॉटसनचाही विनोदासाठी फार भोळसट माणूस करून टाकला होता. तथापि होम्सला युद्धात ओढण्याचे पहिले पाऊल हॉलिवूडचे नव्हते. ते खुद्द डॉयल यांचे होते. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्यांनी ‘हिज लास्ट बो’ ही कथा प्रसिद्ध केली. तिच्यात निवृत्त होम्स १९१४ च्या ऑगस्टमध्ये एका जर्मन हेराला जाळ्यात पकडतो. युनिव्हर्सलच्या पहिल्या चित्रपटाने याच कथेचा धागा आणि तिचा शेवट उचलला होता. ज्या महिन्यांत डॉयल यांचा होम्स कागदावर हेर पकडत होता, त्या सुमारास फ्रान्सच्या चिखलात रॅथबोन नावाचा एक तरुण अधिकारी हेरगिरीचे खरे मोल शिकत होता. पंचवीस वर्षांनी ती कथा आणि तो अधिकारी एकाच चित्रपटात भेटले.

पडद्यावरच्या या युद्धातून मात्र चिखल आणि काटेरी तार वगळलेली होती. तेथे हेरगिरी म्हणजे वेशांतर, चातुर्य आणि शेवटचे भाषण. झाडाच्या फांद्या बांधून उन्हात तासन्‌तास पडून राहणे, भावाच्या मृत्यूनंतर स्वतःच्या जिवाचे काही न वाटणे, यांना त्या सत्तर मिनिटांत जागा नव्हती. तरीही या तिन्ही चित्रपटांत रॅथबोन कुठेही थट्टेखोर किंवा सैल दिसत नाहीत. कथानक कितीही तकलादू असो, संकट खरे आहे असे त्यांचा चेहरा सांगत राहतो. या चित्रपटांना आज जी काही शान उरली आहे, ती मुख्यतः या गांभीर्यामुळे.

या पडद्यावरच्या युद्धाला आपल्या बाजूनेही दोन संदर्भ आहेत. त्यांतला एक मराठी-कन्नड सीमेवरचा. आजचे बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे तेव्हाचे गुलबर्गा, हे जिल्हे त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निजामाने दिलेल्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले होते. तिची स्पिटफायर विमाने १९४० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी झुंजली. संस्थानाच्या तिजोरीत या सीमाभागातल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या रयतेचाही पैसा होता. पडद्यावर होम्स ज्या इंग्लंडला वाचवत होता, त्याच्या खऱ्या रक्षणाचा खर्च असा दूरवरच्या शेतकऱ्यांच्या साऱ्यातूनही गेला. आणि या व्यवहारात त्यांना कोणी विचारले नव्हते.

दुसरा संदर्भ थेट गोव्याचा. पोर्तुगाल तटस्थ असल्याने पोर्तुगीज अमदानीतील गोवाही तटस्थ होता. युद्ध सुरू होताच ‘एहरनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘ड्राखेनफेल्स’ या जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगाव बंदरात आसरा घेतला. ‘एहरनफेल्स’वरील गुप्त बिनतारी यंत्रातून ब्रिटिश जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा ब्रिटिशांचा दाट संशय होता. ९ मार्च १९४३ च्या पहाटे ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या राखीव दलातील मध्यमवयीन स्वयंसेवकांनी समुद्रमार्गे येऊन जहाजावर छापा घातला. ‘एहरनफेल्स’ बुडाले आणि इतर जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. तटस्थ भूमी, लपवलेले बिनतारी यंत्र, वेश पालटून आलेली माणसे हे सारे होम्सच्या युद्धपटात शोभावे असे. दुसरा आणि तिसरा होम्सपट ज्या काही महिन्यांत अमेरिकेत झळकत होते, त्यांच्याच मधल्या काळात हे घडले. पण मुरगावच्या छाप्याचे श्रेय कोणाला जाहीरपणे मिळाले नाही. तटस्थतेचा भंग उघड होऊ नये म्हणून तो दशकानुदशके गुप्त ठेवला गेला. त्यावरचा ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट १९८० साली आला. तो गोव्यातच चित्रित झाला आणि त्यात ‘द डॉन पेट्रोल’मधले रॅथबोन यांचे सहकलाकार डेव्हिड निव्हन होते. खऱ्या हेरांना पडद्यापर्यंत पोहोचायला सदतीस वर्षे लागली. कल्पित हेर मात्र युद्ध चालू असतानाच टाळ्या घेऊन गेला.

१९४३ च्या उत्तरार्धापासून युनिव्हर्सलने होम्सला हळूहळू मूळ वाटेवर आणले. ‘शेरलॉक होम्स फेसेस डेथ’मध्ये युद्ध उरले ते एका जुन्या वाड्यात बरे होत असलेल्या जखमी अधिकाऱ्यांच्या रूपाने. ‘द स्कार्लेट क्लॉ’ आणि ‘द पर्ल ऑफ डेथ’ यांत ते जवळजवळ दिसेनासे झाले. रॉय विल्यम नील यांच्या कसबी दिग्दर्शनाखाली सावल्या, धुके आणि रहस्य पुन्हा परतले. १९४६ पर्यंत युनिव्हर्सलचे बारा चित्रपट झाले. फॉक्सचे दोन धरून एकूण चौदा.

एव्हाना रॅथबोन थकले होते. रस्त्यात लोक त्यांना होम्स या नावाने हाक मारत. स्वाक्षरी मागणाऱ्यांना त्यांचे खरे नाव नको असे. शेक्सपिअरच्या भूमिकांनी घडलेला, दोनदा ऑस्करचे नामांकन मिळवलेला नट एका पात्राच्या सावलीत पुरता झाकला गेला होता. डॉयल यांनाही कधी काळी होम्सचा असाच वीट आला होता आणि त्यांनी त्याला धबधब्यात लोटून पाहिले होते. रॅथबोन यांनी १९४६ मध्ये चित्रपट आणि रेडिओ दोन्हींचे करार संपवले आणि ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर परतले. हा निर्णय सोपा नव्हता. हातची मिळकत सुटली आणि नायजेल ब्रूस या जिवलग मित्राची रोजची सोबतही सुटली.

आरंभी या धाडसाला यश आले. १९४७ साली ‘द एअरेस’ या नाटकात त्यांनी मुलीवर प्रेम करू न शकणारा कठोर डॉक्टर उभा केला आणि १९४८ मध्ये त्यासाठी त्यांना ‘टोनी’ हा मानाचा नाट्यपुरस्कार मिळाला. परंतु होम्सने पाठ सोडली नाही. १९५३ मध्ये पत्नी उइडा यांनी लिहिलेल्या होम्सवरच्या नाटकात ते पुन्हा त्या वेशात उभे राहिले. नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी तीनच आठवडे, ८ ऑक्टोबर रोजी, ब्रूस यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमध्ये त्या नाटकाचे अवघे तीन प्रयोग झाले. नंतरच्या वर्षांत दूरचित्रवाणी, जाहिराती, एकपात्री वाचनाचे कार्यक्रम, ध्वनिमुद्रिका आणि अखेरीस स्वस्तातले भयपट असा त्यांचा प्रवास झाला. पैशाची गरज होती आणि आलेले काम नाकारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९६२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २१ जुलै १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९८६ साली, वॉल्ट डिस्नेच्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’ या व्यंगपटात बेसिल नावाचा उंदीर गुप्तहेर झाला आणि होम्सच्या आवाजासाठी रॅथबोन यांचेच जुने ध्वनिमुद्रण वापरण्यात आले.

युद्धाला कथा लागतात. लढणाऱ्यापेक्षाही मागे राहणाऱ्याला त्या अधिक लागतात. घरी बसून बातम्यांची वाट पाहणाऱ्या माणसाला, कोणीतरी हुशार आणि प्रामाणिक माणूस शत्रूच्या एक पाऊल पुढे आहे, एवढा दिलासा हवा असतो. होम्सच्या त्या तीन युद्धपटांनी तो दिला. त्यांची कथानके आज कृत्रिम वाटतात. त्यांतला प्रचार उघडा पडला आहे. टिकून राहिला आहे तो त्यांतल्या नटाचा चेहरा. हेरगिरीच्या आरोपामुळे बालपणी घर सोडावे लागलेला, तारुण्यात खरा हेर बनून शत्रूच्या तारांपर्यंत सरपटत गेलेला आणि प्रौढपणी खोट्या हेरांमागे धावून लाखो लोकांना धीर दिलेला हा माणूस. शौर्यपदक त्याला खऱ्या हेरगिरीने दिले आणि अमरत्व खोट्या. या वाटणीत न्याय झाला की अन्याय, हे ठरवणे होम्सलाही अवघड गेले असते.